दोन तोंडांची गाडी

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. मी एस. वाय. बी. ए.ला आहे, विषय भूगोल, आणि आजवर मी सगळ्यात मोठं लिहिलेलं म्हणजे मृदाप्रकारांवरचा बारा पानांचा प्रकल्प. त्यातली पाच पानं नकाशांची होती. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मिक्सर बंद पडला, शेगडी पिवळी जळायला लागली किंवा शेजारच्या काकूंच्या कमरेचा एक्स-रे आला, की तो आपोआप माझ्या विषयात येतो. मी भूगोलाचा आहे हे सांगून पाहिलं. "मंग भूगोलात कंबर येत न्हाई का?" असं आई विचारते. याला उत्तर असेल, पण ते बहुधा एम. ए.ला शिकवतात.

तर माझ्या वडिलांची नोकरी माझ्यामुळे पाच दिवस कशी टांगणीला लागली, ते सांगायचं आहे. ही हकीकत आमच्या गल्लीत माझ्यापेक्षा चांगली सांगणारे निदान चार जण आहेत. म्हणूनच घाई करतोय.

आम्ही मूळचे लातूरकडचे, राहायला काळेवाडीत. वडील, म्हणजे आमचे अण्णा, ड्रायव्हर आहेत. आधी ते चाकणला कंटेनर चालवायचे. चाकण चौकातल्या ट्रॅफिकमध्ये वीस वर्षं क्लच दाबून त्यांचा डावा गुडघा कायमचा बसला. डॉक्टर म्हणाले, आता क्लच बंद. ज्या माणसाला गाडी चालवण्यापलीकडे काही येत नाही आणि क्लच दाबायचा नाही, त्याला जगात एकाच प्रकारची नोकरी उरते: बिनक्लचची गाडी असलेल्या श्रीमंत माणसाची. असा माणूस अण्णांना सापडला. तेच आमचे साहेब. चाकणला त्यांची कंपनी आहे. कारच्या दाराला जी काळी रबराची पट्टी असते, ती तिथं बनते.

साहेबांची गाडी प्लग-इन हायब्रिड एसयूव्ही. उंची एवढी की आईला तिच्यात चढताना बैलगाडीची आठवण येते. रंगाला करडा म्हणायचं नाही, त्याला इंग्रजीत एका दगडाचं नाव आहे. ही गाडी पेट्रोलवरही चालते आणि विजेवरही. मागच्या बाजूला पेट्रोलचं झाकण, पुढच्या बाजूला चार्जिंगचं. थोडं अंतर विजेवर, पुढचं पेट्रोलवर. साहेब कंपनीच्या प्रत्येक कार्यक्रमात सांगतात, "मी रोज ऑफिसला येतो, पण धूर करत नाही." टाळ्या पडतात. अण्णाही वाजवतात. गाडीची चार्जिंगची वायर गेली दीड वर्षं डिकीत गोल्फच्या काठ्यांखाली, कंपनीच्या सीलबंद पिशवीत आहे, हे त्या सभागृहात फक्त अण्णांना माहीत असतं. गाडी पेट्रोलवरच चालते. पेट्रोल अण्णाच भरतात. धूर जो काही होतो तो बहुधा अण्णांच्या नावावर जात असावा.

पण या दसऱ्याला ती पिशवी उघडायची वेळ आली होती. साहेब आणि मॅडम जर्मनीत एका प्रदर्शनाला गेले होते. शनिवारी परत येणार होते, आणि सोमवारी त्यांच्यामागून तिकडचे पाहुणे कंपनी बघायला येणार होते. पाहुण्यांना पर्यावरणाची फार काळजी. म्हणून कंपनीच्या गेटाशी नवीन चार्जिंग पॉइंट बसवला होता, फीत बांधून ठेवली होती, आणि सोमवारी साहेब पाहुण्यांसमोर स्वतःच्या हाताने स्वतःच्या गाडीला आयुष्यात पहिल्यांदा वायर लावणार होते. साहेबांनी फोनवर अण्णांना दोनच गोष्टी सांगितल्या. एक, गाडी सोमवारी आरशासारखी पाहिजे. दोन, दसऱ्याची पूजा राहायला नको.

इथं हेही सांगायला हवं की अण्णांच्या आधीच्या ड्रायव्हरने डॅशबोर्डवर अत्तराची बाटली चिकटवली होती. तो त्याच दिवशी गेला. कुणी आवाजसुद्धा चढवला नाही, हात जोडून निरोप दिला. आणि मॅडमच्या ओळखीत एक ड्रायव्हर तयारच आहे, ज्याच्याकडे ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आहे, जो टाय लावतो आणि दार उघडताना "गुड मॉर्निंग मॅम" म्हणतो. अण्णा दार उघडताना "या" म्हणतात.

दसऱ्याला सकाळी आम्ही तिघंही प्राधिकरणातल्या साहेबांच्या बंगल्यावर गेलो. अण्णांनी गाडी धुतली, पुसली, परत पुसली. मग लक्षात आलं की झेंडूचे हार घरीच राहिले. "पिंपरीतून नवीन आणतो," म्हणून ते निघाले. दसऱ्याच्या दिवशी पिंपरीच्या बाजारातून फुलं घेऊन परत यायला किती वेळ लागतो हे तिथं राहणाऱ्यांना सांगायला नको. आई, मी आणि वॉचमन वाळुंजमामा मागे राहिलो.

वाळुंजमामा चाकणच्या बाजूचे, मूळ गावचे. साहेबांची कंपनी आज जिथं आहे तिथं पूर्वी यांचं कांद्याचं रान होतं. "पैसं आलं तवा मीबी घेतली व्हती अशीच थोरली गाडी," ते खुर्चीवरून म्हणाले. "दोन वरीस टिकली. आता ह्यांची राखतो."

आमच्या आईची वाहनपूजेची एक पद्धत आहे. तिच्या माहेरी ट्रॅक्टर होता, तिथून ती आलेली आहे. चाकांना, बॉनेटला, स्टिअरिंगला हळदकुंकू हे सगळेच करतात. आई त्यापुढे जाऊन टाकीच्या तोंडाशी हळदकुंकू लावते आणि गुळाचा खडा टेकवते. "जे खातं त्याचं तोंड गोड करावं लागतंय," असं तिचं म्हणणं. तिने मागचं झाकण उघडून घेतलं, बुचाला गूळ टेकवला, नमस्कार केला आणि ताट उचलून निघाली.

इथं मी गप्प बसलो असतो तर हा लेख नसता.

"आई," मी म्हणालो, "हिला दोन तोंडं आहेत."

"कसं काय?"

"ही हायब्रिड आहे ना. एका तोंडानं पेट्रोल घेते, एका तोंडानं वीज."

(मला हे कुणी विचारलं नव्हतं. पण शिकलेल्या माणसाला न विचारलेलं सांगायची फार हौस असते, आणि मी तर अजून अर्धाच शिकलोय, म्हणजे हौस दुप्पट.)

आईने ताट खाली ठेवलं. "मंग एकाच तोंडाला दिलं व्हय मी? दुसरं उपाशी ऱ्हायलं की रे. उघड ते."

मी पुढचं झाकण उघडलं. आत काळं गोल सॉकेट, त्यात भोकं. आई वाकून बघत राहिली. "हे तर येकच तोंड न्हाई. ही तर सात हायेत."

"ती एकाच तोंडाची आहेत."

"असूं दे. कुणाला वगळलेलं बरं न्हाई दिसत."

आणि तिने, माझ्या देखत, ओलं कुंकू बोटावर घेऊन सातही भोकांना एकेक टिळा लावला. मग हळद. मग प्रत्येक भोकात एकेक अक्षत. अक्षता आत पडल्याचा बारीक आवाज मला आला. मधल्या भोकाला तिने गुळाचा खडा टेकवला. तो नरम होता, टेकवल्यावर तिथंच राहिला. वाळुंजमामांनी बसल्या जागेवरून नमस्कार केला. मीही केला. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला ते सगळं फार शास्त्रशुद्ध वाटलं होतं.

अण्णा हार घेऊन आले. त्यांनी हार बॉनेटवर ठेवला, चाकांखाली लिंबं ठेवली, खूश होऊन गाडीभोवती एक फेरी मारली आणि पुढच्या झाकणाशी येऊन थांबले.

"हे काय?"

"तिचं दुसरं तोंड," आई म्हणाली. "तुमी दीड वर्षं गाडी चालवताव, तुमाला म्हाईत न्हाई? बालाजीनं सांगितलं."

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. ते कधी ओरडत नाहीत. ते फक्त गुडघ्यावर हात ठेवून हळूच खाली बसतात. तसे ते बसले. "सोमवारी साहेब जर्मनीच्या मानसांसमोर हे झाकण उघडणार," ते म्हणाले. "आन् आतून गूळ निघणार."

"पुसून घेऊ की," आई म्हणाली.

पुसायला सुरुवात झाली. आधी फडकं, त्याने कुंकू पसरलं. मग जुना टूथब्रश, त्याने ते आत गेलं. मग आईने केसातली पिन काढली. विजेच्या भोकात लोखंडी पिन घालायची नसते एवढं मला भूगोलात असूनही माहीत होतं. मी अडवलं. मग मी कान साफ करायच्या काड्या आणल्या. एक पाकीट संपलं. सात भोकांतली दोन स्वच्छ झाली, चार केशरी झाली, आणि मधल्या गुळाच्या भोकाकडे एक बारीक काळी रांग चाललेली दिसली.

"मुंग्या," वाळुंजमामा म्हणाले. त्यांना खुर्चीतूनसुद्धा दिसल्या.

"आत जालाल्यात का बाहेर यालाल्यात?" अण्णांनी विचारलं. त्यांना गुडघ्यामुळे वाकता येत नव्हतं.

मी मोजून सांगितलं, "आत अकरा गेल्या. बाहेर कुणी नाही आलं."

"मुंग्यांना हळद टाकत्यात," वाळुंजमामांनी सल्ला दिला. "हळदीच्या पुढं मुंगी जात न्हाई. आमच्यात कणगीला टाकायचो."

आईने तात्काळ सॉकेटभोवती हळदीचं रिंगण घातलं. ते बरोबरच होतं. बाहेरच्या मुंग्या बाहेर थांबल्या. आतल्या अकरा आतच राहिल्या. गाडी आता सकाळपेक्षा जास्त पिवळी होती.

तेवढ्यात अण्णांना कंपनीतून फोन आला. चाकणला मशीनची पूजा होती आणि सगळ्या स्टाफने हजर राहायचं होतं. कंपनीची बस चौकात थांबली होती. अण्णा उठले, गाडीची चावी माझ्या हातात दिली, कारण झाकणं लॉक करायची होती. आणि म्हणाले, "मी येईस्तोवर कशाला बी हात लावू नको."

"हात लावत नाही अण्णा," मी म्हणालो. "नुसतं वाचतो."

मला खरंच वाटलं होतं की अशा महागड्या गाडीच्या माहितीपुस्तकात सॉकेट साफ कसं करावं हे लिहिलेलं असणारच. मी डॅशबोर्डचा खण उघडला. त्यात एक पातळ घडीपत्रक होतं आणि त्यावर एवढंच की संपूर्ण माहितीपुस्तक गाडीच्या स्क्रीनवर उपलब्ध आहे. म्हणून मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो आणि बटण दाबलं. काही आवाज झाला नाही. इंजिन लागलं नाही, काही थरथरलं नाही. गाडी बंदच आहे अशी माझी खात्री पटली. फक्त स्क्रीन उजळली. ती आमच्या टीव्हीपेक्षा मोठी आहे. आई मागच्या सीटवर येऊन बसली. तिच्या हाताखाली कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि सीट तिची पाठ चेपायला लागली.

"बालाजी, ह्यात कोण हाय?"

"कुणी नाही. मशीन आहे."

"माझ्या लग्नाला तीस वर्षं झाली," आई म्हणाली, "पहिल्यांदा कुनी तरी पाठ चेपालंय." आणि पाच मिनिटांत झोपली.

माहितीपुस्तक सातशे पानांचं होतं. एखाद्याने विषयसूचीत शोधून नेमकं पान काढलं असतं. पण आमच्या सरांनी शिकवलंय की संदर्भग्रंथ मुळापासून वाचावा. मी वही काढली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. आसनरचना. आरसे. लहान मुलांची सुरक्षा. मध्ये मध्ये स्क्रीनवर एक चौकट यायची, इंग्रजीत काहीतरी लिहिलेली आणि खाली 'ओके'. ती नेमकी मजकुरावर यायची, त्यामुळे वाचनात फार व्यत्यय येत होता. मी न वाचता 'ओके' दाबायचो. विद्यापीठाच्या पोर्टलवर आम्ही दोन वर्षं तेच करतो आणि अजून तरी प्रवेश रद्द झालेला नाही. चौकट जायची. मी पुढे वाचायचो.

संध्याकाळ व्हायला आली होती. माझ्या नोट्स एकवीस पानं झाल्या होत्या. 'वाहन दीर्घकाळ उभे ठेवताना घ्यावयाची काळजी' हे प्रकरण नुकतंच सुरू केलं होतं, आणि स्क्रीन काळी झाली. पाठ चेपणारं मशीन थांबलं. आई जागी झाली.

"झालं का वाचून?"

मी बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. तरी काही नाही. मघाशीही आवाज नव्हता, त्यामुळे चालू गाडी आणि मेलेली गाडी यांत फरक कसा करायचा हे मला कळेना. आईने मागचं दार उघडायचा प्रयत्न केला. ते विजेवर उघडतं. उघडेना. शेवटी आई नव्या लुगड्यासकट दोन पुढच्या सीटांच्या मधून पुढे आली आणि मी आधीच उघडं ठेवलेल्या दारातून बाहेर पडली. वाळुंजमामा तोंड दुसरीकडे करून बसले होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

अण्णा परत आले. त्यांना काही विचारावं लागलं नाही. हेडलाइट लागेना, काच खाली होईना, आणि ढकलावी म्हटलं तर ब्रेकही विजेवरच, तो सुटेना. ते गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. "मुंग्यांनीच वायर खाल्ली," ते म्हणाले. मी मान डोलावली. मला वाचनाचा संशयसुद्धा आला नाही. वाचनाने नुकसान होतं हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. आजवर कुणी केलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सपाट पाठीचा ट्रक आला. गाडी हार, लिंबं आणि हळदीच्या रिंगणासकट त्यावर चढली. आम्ही दोघं तिच्यामागून रिक्षाने सर्व्हिस सेंटरला गेलो. अण्णांनी मला बरोबर घेतलं, कारण तिथले फॉर्म इंग्रजीत असतात.

ते सर्व्हिस सेंटर मला आमच्या प्राचार्यांच्या केबिनपेक्षा स्वच्छ वाटलं. काचेपलीकडे हातमोजे घातलेले मेकॅनिक. काचेअलीकडे सोफे, कॉफीचं मशीन आणि टॅब घेतलेल्या एक ताई, त्यांच्या गळ्यातल्या पट्टीवर 'सर्व्हिस सल्लागार' असं लिहिलेलं होतं. अण्णा सोफ्यावर बसले नाहीत. "आपलं पँटचं तेल लागंल," म्हणाले. ताईंनी टॅब उघडला.

"गाडीची तक्रार काय आहे, सर?"

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी सर म्हणालं होतं. मी प्रामाणिक राहायचं ठरवलं. "मॅडम, गाडीने गूळ खाल्ला."

त्यांनी टॅबवरून डोळे वर केले. "कुणी?"

"गाडीने. म्हणजे चार्जिंगच्या बाजूने. पेट्रोलच्या बाजूने पण खाल्ला, पण तो बुचावर होता. त्यानंतर मुंग्या गेल्या. अकरा. त्या अजून आत आहेत. मग हळद टाकली."

"हळद का टाकली?"

"मुंग्यांसाठी," अण्णांनी खुलासा केला.

ताई सगळं टाइप करत होत्या. "सर, कस्टमर जे सांगतात ते आम्हाला जसंच्या तसं लिहावं लागतं," त्या म्हणाल्या. "गूळ साधा की सेंद्रिय?"

"त्याने फरक पडतो?" मी वही काढली.

"नाही. मला स्वतःलाच जाणून घ्यायचं होतं." मग त्यांनी टॅबवर शेवटचं बटण दाबलं. "झालं. जॉब कार्ड मालकांच्या ॲपवर गेलं."

अण्णांनी विचारलं, "कुठं गेलं?"

"मालकांच्या मोबाइलवर. सगळं तिथं जातं, काका. दार कधी उघडलं, कोणत्या सीटवर कोण बसलं, किती वेळ बसलं. गाडी रोज पाठवते."

"कधीपास्नं?"

"घेतल्यापासून."

अण्णा मग मात्र सोफ्यावर बसले. तेलाचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. दीड वर्षात त्या गाडीत बसून त्यांनी किती वेळा डबा खाल्लाय, किती वेळा दुपारी डोळा लावलाय, हे त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक करून जाताना मला दिसत होतं. मी त्यांना कॉफी आणून दिली. त्यांनी ती तशीच हातात धरून ठेवली.

गाडी सोमवारपर्यंत मिळणार नाही, एवढं सांगून ताईंनी आम्हाला लिफ्टपर्यंत सोडलं.

शनिवारी अण्णा कंपनीची जुनी जीप घेऊन विमानतळावर गेले. तिला क्लच आहे. चौथ्या सिग्नलपासून पुढे गुडघ्याने काय केलं ते त्यांनी सांगितलं नाही, पण घरी जिना चढताना कठड्याला धरून आले. साहेब काही बोलले का, आईने विचारलं. "न्हाई," अण्णा म्हणाले. "विमानतळ ते बंगला, मोबाइलमध्ये वाचत हुते. मधी येकदा मला बगितलं आरशातून."

"कसं बगितलं?"

"मीच गूळ खाल्ल्यासारखं."

रविवारी अण्णा जेवले नाहीत. त्यांनी कपाटातून त्यांचं जड वाहनांचं लायसन काढून पुसून टेबलावर ठेवलं. आईने ते उचलून परत कपाटात ठेवलं. त्यांनी परत काढलं. दुपारी ते मला म्हणाले, "तुझा काही दोष न्हाई. तू शिकतूस म्हणून ऐकलं तिनं तुझं." हे ऐकण्यापेक्षा त्यांनी एक कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी अण्णांना कुठे काम मिळेल हे मी गुपचूप मोबाइलवर शोधत बसलो. सगळीकडे 'टाय आवश्यक' लिहिलेलं होतं. मग टायची गाठ कशी बांधतात तेही पाहून ठेवलं.

सोमवारी दुपारी वाळुंजमामांचा फोन आला. कंपनीतला त्यांचा पुतण्या त्यांना सगळं सांगतो. फीत कापायची वेळ आली तरी विजेची गाडी नाही म्हटल्यावर ऐनवेळी पॅकिंगच्या सुपरवायझरची इलेक्ट्रिक स्कूटर आणून तिला हार घातला. साहेबांनी तिलाच वायर लावायचा प्रयत्न केला, ती लागेना, कारण स्कूटरचं सॉकेट वेगळं असतं. शेवटी साहेब वायर हातात धरून नुसते उभे राहिले आणि फोटो काढला. पाहुणे मात्र भारावले. एवढ्या मोठ्या कंपनीचा मालक स्कूटरवर कामाला येतो, असं ते एकमेकांना सांगत होते. "साहेबांनी न्हाई म्हटलं न्हाई," वाळुंजमामा म्हणाले. "हेल्मेट कुठाय असं इचारलं पाव्हण्यांनी, तर पुतण्याचंच दिलं काढून."

"आणि अण्णा?"

"त्यास्नी केबिनीत बोलावलं हाय. त्याफुडचं काय ठावं न्हाय."

त्याफुडचं कळायला सात वाजले. अण्णा आले, चप्पल काढली, आणि खिशातून एक पाकीट काढून माझ्यासमोर धरलं. वर कंपनीचं नाव छापलेलं. आत इंग्रजीत टाइप केलेला एक कागद.

"साहेबांनी दिलं. बोलले काय न्हाई. घरी वाचा म्हटले."

आईने गॅस बंद केला. अण्णा भिंतीला टेकून बसले, डावा पाय लांब करून. मी कागद उघडला आणि मनात वाचायला लागलो.

"मोठ्यानं वाच," आई म्हणाली. "सगळ्यांचंच हाय ते."

मी इंग्रजीतून मराठीत करत वाचलं. पहिल्या परिच्छेदात लिहिलं होतं की तुकाराम, म्हणजे आमचे अण्णा, हे पूर्वीप्रमाणेच ड्रायव्हर म्हणून कामावर राहतील. आईने पदराने डोळे पुसले. अण्णा म्हणाले, "परत वाच ते." मी परत वाचलं.

दुसरा परिच्छेद सर्व्हिस सेंटरच्या अहवालाचा होता. सॉकेट साफ केलं आहे, त्याला काहीही इजा झालेली नाही. हळदीने नाही, गुळाने नाही. मुंग्या सुखरूप बाहेर काढल्या. "बगा," आई म्हणाली, "पूजेनं कधी कुनाचं वाईट झालंय का." गाडी बंद पडण्याचं कारण वेगळं आहे, असं पुढे लिहिलं होतं. स्क्रीन आणि सीट चालवणारी एक लहान बॅटरी असते. कुणीतरी गाडी सुरू न करता चार तास दहा मिनिटं माहितीपुस्तक वाचल्यामुळे ती संपली. मोठी बॅटरी जागेवर होती, पण तिला जागं करायला ती लहान लागते. या काळात गाडीने बॅटरी संपत असल्याचा इशारा सहा वेळा दिला. सहाही वेळा 'ओके' दाबण्यात आलं.

इथं मी कागदाची घडी घालायला लागलो.

"फुडं?" अण्णा म्हणाले.

पुढे एकच ओळ होती, ठळक अक्षरांत. ती मी आधी मनात वाचली, मग खिडकीबाहेर बघितलं, मग वाचून दाखवली. ड्रायव्हरच्या कुटुंबीयांनी यापुढेही दरवर्षी गाडीची पूजा करण्यास कंपनीची हरकत नाही. गाडीत बसून वाचन मात्र कुणीही करू नये.

आईने गॅस परत पेटवला आणि अण्णांसमोर ताट ठेवलं. "म्हंजे मला परवानगी हाय."

"हो."

"आन् तुला?"

अण्णा पाच दिवसांनी पहिल्यांदा हसले. मग पाय आखडून घेतला, ताट पुढे ओढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याला आता परीक्षेचंच वाचू दे. पर लांब बसून."